मारिया कॅलास : गोड नसलेला आवाज

ऑपेरा हा गाण्याचा प्रकार आहे हे मला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. माझे मामा मुंबईला ऑपेरा हाउस भागात हातगाडी ओढीत. त्यामुळे ऑपेरा म्हणजे मुंबईतला एक बसथांबा, एवढीच माझी समजूत होती.

माझी आई चार घरी स्वयंपाकाची कामे करते. मी बारावीत असताना दिवाळीच्या सुटीत तिचे मनगट मुरगळले, म्हणून तिच्याऐवजी मी जाऊ लागले. त्यांतले एक घर एका निवृत्त शिक्षिकेचे. आई त्यांना बाई म्हणते, मी आजी म्हणते. एके दिवशी भाकऱ्या थापीत असताना बाहेरच्या खोलीतून एका बाईच्या गाण्याचा आवाज आला. भाषेचे एक अक्षर कळेना. पण सगळा गाव झोपला असताना कोणीतरी उंचावर उभे राहून काहीतरी मागत आहे, असे वाटले. मी ऐकतच राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली. आजी रागावल्या नाहीत. त्यांनी मला समोर बसवून तेच गाणे पुन्हा लावले. गाण्याचे नाव होते कास्ता दिवा आणि गाणारणीचे नाव मारिया कॅलास. नंतर त्यांनी तिचे इंग्रजी चरित्र माझ्या हाती दिले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत मला जे गवसले ते आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी थोडे ऑपेराविषयी. आपल्या संगीत नाटकात पात्रे गद्यात बोलतात आणि मध्येच पद सुरू होते. ऑपेरात बहुधा सारे नाटकच गाऊन होते. भांडण, विनवणी, मरण, सगळे सुरांत. आपल्या पदासारखा जो भाग स्वतंत्रपणे उठून दिसतो त्याला आरिया म्हणतात. स्त्रीच्या आवाजाची सर्वांत उंच पट्टी म्हणजे सोप्रानो. ऑपेराच्या नायिका बहुतेक सोप्रानोच असतात. समोर पन्नास-साठ वादकांचा ताफा असतो, आणि तरीही गायिकेला ध्वनिक्षेपक नसतो. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोहोचवायचा तो केवळ श्वासाच्या आणि गळ्याच्या बळावर. अशा या कलेत विसाव्या शतकात ज्या नावाचा दरारा सर्वांत मोठा, ते नाव मारिया कॅलास.

मारियाचा जन्म २ डिसेंबर १९२३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. आईवडील ग्रीक. तिच्या जन्माच्या चारच महिने आधी ते ग्रीस सोडून अमेरिकेला आले होते. मूळ आडनाव कालोगेरोपुलोस. परक्या देशात ते कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून वडिलांनी त्याचे कॅलास केले. वडील औषधविक्रेते होते. मारियाच्या आधी त्यांचा लहानगा मुलगा आजारात गेला होता. आईला पुन्हा मुलगाच हवा होता. झाली मुलगी. पहिले काही दिवस आईने या बाळाकडे पाहायचेही नाकारले, असे सांगतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. आमच्या घरी मी तिसरी मुलगी. माझ्या जन्माच्या दिवशी घरात कोणी जेवले नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरातही असे होते, हे वाचून मला दुःख झाले आणि थोडा धीरही आला, खोटे कशाला सांगू?

मारिया लठ्ठ होती, तिला जाड भिंगांचा चष्मा होता, आणि थोरली बहीण दिसायला देखणी होती. या धाकटीजवळ गळा आहे हे आईच्या लवकरच ध्यानात आले. मग तिने मुलीला गाण्याला जुंपले. आपले बालपण आपल्याकडून हिरावून घेतले गेले, ही खंत मारियाला जन्मभर राहिली. १९३७ मध्ये आईवडील वेगळे झाले. आई दोन्ही मुलींना घेऊन ग्रीसला परतली तेव्हा मारिया तेरा वर्षांची होती.

अथेन्समध्ये तिला एल्विरा दे इदाल्गो ही स्पॅनिश गुरू लाभली. एकेकाळी ती स्वतः नामवंत सोप्रानो होती. मारिया सकाळी येई ती शेवटच्या विद्यार्थ्याबरोबरच घरी जाई. स्वतःचा धडा संपला तरी इतरांचे धडे ऐकत बसे. दुसऱ्याच्या चुकीतूनही शिकता येते, अशी तिची श्रद्धा होती. तिची दृष्टी इतकी अधू होती की, रंगमंचावर चष्म्याशिवाय तिला संगीत-संचालकाच्या हाताच्या खुणा दिसत नसत. म्हणून ती सारे संगीत, सगळ्या वाद्यांसकट, मुखोद्गत करी. जे डोळ्यांना दिसत नव्हते ते तिने कानांनी भरून काढले.

१९४१ च्या फेब्रुवारीत तिला पहिली छोटी भूमिका मिळाली. त्यानंतर दोनच महिन्यांत जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरले. पुढच्या हिवाळ्यात त्या शहरात भीषण दुष्काळ पडला आणि माणसे रस्त्यांत भुकेने मेली. अशा दिवसांत, १९४२ च्या ऑगस्टमध्ये, अठरा वर्षांच्या मारियाने पुच्चिनीच्या तोस्का या ऑपेराची नायिका रंगविली. आपल्याकडे अठराव्या वर्षी मुलगी बारावीच्या परीक्षेने घाबरलेली असते.

युद्ध संपल्यावर ती अमेरिकेला वडिलांकडे गेली. तेथे जवळजवळ दोन वर्षे काम नाही. शिकागोत एक मंडळी उभी राहत होती, तिच्यात मारियाला मोठी भूमिका मिळणार होती. पण पहिला प्रयोग होण्याआधीच त्या मंडळीचे दिवाळे निघाले. अखेर इटलीतून बोलावणे आले. २ ऑगस्ट १९४७ रोजी व्हेरोना येथील प्राचीन रोमन प्रेक्षागारात, उघड्या आभाळाखाली, ती ला जोकोंदा या ऑपेरात गायली. संचालक होते तुल्लिओ सेराफिन. या वृद्ध, अनुभवी संचालकाने तिचे सामर्थ्य ओळखले. तेथेच तिची जोव्हान्नी बात्तिस्ता मेनेगिनी या उद्योजकाशी ओळख झाली. ते तिच्याहून वयाने बरेच मोठे होते. १९४९ मध्ये त्यांचे लग्न झाले.

त्याच वर्षीच्या जानेवारीत व्हेनिसला जे घडले ते तिच्या चरित्रातील सर्वांत नवलाचे पान आहे. ती तेथे वाग्नरच्या ऑपेरात ब्रुनहिल्ड ही वीरकन्येची भूमिका करीत होती. ही भूमिका म्हणजे जड, दणकट आवाजाचे काम. तेवढ्यात बेल्लिनीच्या ई पुरितानी या ऑपेराची गायिका आजारी पडली. त्यातली एल्विराची भूमिका अगदी उलट, नाजूक आणि द्रुत तानांची. सेराफिनांनी मारियालाच उभे राहायला सांगितले. हातात आठवडा जेमतेम. एकीकडे ब्रुनहिल्डचे प्रयोग चालू ठेवून तिने एल्विरा पाठ केली आणि १९ जानेवारीला ती गाऊन दाखविली. पोवाडा ललकारणाऱ्या शाहिराने पुढच्याच आठवड्यात बारीक हरकतींचे नाट्यपद लीलया म्हणावे, तसा हा प्रकार. साऱ्या इटलीत तिचे नाव झाले.

त्यानंतर मिलानचे ला स्काला नाट्यगृह. गवयाने दरबारात मान मिळवावा तसे ऑपेरात ला स्कालाचे. ७ डिसेंबर १९५१ रोजी तेथील हंगामाचे उद्घाटन तिच्या गाण्याने झाले आणि पुढची सात-आठ वर्षे ती तेथली राणी होती. बेल्लिनी, दोनिझेत्ती, केरुबिनी यांचे कित्येक ऑपेरा त्या काळी धूळ खात पडले होते. ते तिने पुन्हा रंगमंचावर उभे केले. पुढे जोन सदरलँड आणि मोन्सेरात काबाय्ये या गायिका ज्या वाटेवरून गेल्या, ती वाट मारियाने मोकळी केली होती.

आता मूळ मुद्द्याकडे येते. मारियाचा आवाज गोड नव्हता. तिची समकालीन रेनाता तेबाल्दी हिचा आवाज मधासारखा. दोघींच्या चाहत्यांत तेव्हा हमरीतुमरी होत असे. मारियाचा आवाज खाली एका रंगाचा, मध्ये दुसऱ्या, वर तिसऱ्या. वरचा स्वर कधी कधी थरथरे, कधी करकरे. टीकाकारांनी हे दोष अनेकदा दाखविले. मात्र तिने आपल्या आवाजातले हे तीन तुकडे लपविले नाहीत, त्यांना कामाला लावले. खालचा काळोखा स्वर संतापाला, मधला झाकोळलेला स्वर व्यथेला, वरचा धारदार स्वर हट्टाला. शब्दाला जो अर्थ असेल तोच रंग ती स्वराला देई. नुसते सुंदर वाटावे म्हणून ती एकही स्वर लावीत नसे. म्हणूनच भाषा न कळणाऱ्या माझ्यासारखीलाही कोणीतरी काही मागत आहे, एवढे कळले.

१९५३-५४ मध्ये तिने सुमारे ३५ किलो वजन उतरविले. जाडी, चष्मेवाली मारिया छायाचित्रांतून नाहीशी झाली आणि एक कृश, देखणी स्त्री दिसू लागली. २८ मे १९५५ रोजी ला स्कालात लुकिनो व्हिस्कोन्ती यांच्या दिग्दर्शनाखाली तिने ला त्राव्हियाता मधील क्षयी व्हिओलेत्ता रंगविली. तो प्रयोग ऑपेराच्या इतिहासात मोडतो. वजन उतरविल्यामुळेच पुढे आवाज खचला असे काही म्हणतात. जाणकारांत त्याविषयी मतभेद आहेत.

यशाबरोबर वैरीही वाढले. २ जानेवारी १९५८ रोजी रोम येथे नोर्मा या ऑपेराचा प्रयोग होता. इटलीचे राष्ट्राध्यक्ष समोर बसले होते. मारिया आजारी होती. पहिला अंक तिने कसाबसा पार पाडला आणि आवाज बसल्यामुळे पुढे गाण्यास नकार दिला. तिच्या जागी उभी राहील अशी दुसरी गायिका नाट्यगृहाने तयार ठेवली नव्हती. प्रयोग थांबला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिला उद्धट, नखरेल, लहरी ठरविले. डॉक्टरांनी तिची श्वासनलिका सुजल्याचे सांगितले होते, पण ते कोण ऐकतो? तिने दावा लावला. दोष नाट्यगृहाचा होता असा निकाल लागायला तेरा वर्षे गेली. तोवर तिचे गाणेच संपले होते!

१९५९ मध्ये ग्रीक जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनासिस तिच्या आयुष्यात आला. तिने पतीचे घर सोडले. गाणे कमी कमी होत गेले. ५ जुलै १९६५ रोजी लंडनला तोस्काचा प्रयोग झाला, आणि तोच तिचा ऑपेरातला शेवटचा प्रयोग ठरला. तेव्हा ती अवघी एकेचाळीस वर्षांची होती. १९६८ मध्ये ओनासिसने जॅकलीन केनेडी यांच्याशी लग्न केले. मारियाला ते वर्तमानपत्रांतून कळले असे म्हणतात. पुढे १९७१-७२ मध्ये तिने न्यूयॉर्कच्या जुलियार्ड विद्यालयात निवडक विद्यार्थ्यांना धडे दिले. १९७३-७४ मध्ये जुना सहकारी जुझेप्पे दी स्तेफानो याच्याबरोबर तिने जगभर जलसे केले. आवाज थकलेला होता, तरी लोकांनी सभागृहे भरली. ११ नोव्हेंबर १९७४ रोजी जपानमधील सप्पोरो येथे ती शेवटची गायली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी पॅरिसच्या घरी हृदयक्रिया बंद पडून तिचे निधन झाले. वय ५३. तिची रक्षा १९७९ मध्ये ग्रीसच्या एजियन समुद्रात सोडण्यात आली.

असे हे आयुष्य. परंतु मारिया कॅलास आपल्याला आज भेटते ती चरित्रात नव्हे, तिच्या ध्वनिमुद्रणांत. जुन्या तबकड्यांतली खरखर आता अडसर राहिलेली नाही. २०१४ मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत मूळ फितींवरून तिची सर्व स्टुडिओ ध्वनिमुद्रणे नव्याने स्वच्छ करण्यात आली. त्यांच्या ६९ सीडी निघाल्या. आज ती गाणी साध्या मोबाइलवरही ऐकता येतात. ज्यांनी ऑपेरा कधीच ऐकलेला नाही त्यांनी कोठून सुरुवात करावी, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

पहिले गाणे जान्नी स्किक्की या १९१८ च्या ऑपेरातले, ओ मिओ बाब्बीनो कारो. जेमतेम अडीच मिनिटांचे. एक मुलगी वडिलांकडे आपल्या लग्नासाठी हट्ट धरते, नाहीतर नदीत उडी टाकीन म्हणते. ऑपेरा विनोदी आहे, धमकी लाडीक आहे. मारियाने हे १९५४ मध्ये गायिले. त्यानंतर किरी ते कानावा हिचे ऐकावे. १९८५ च्या अ रूम विथ अ व्ह्यू या चित्रपटात ते वापरले आहे. किरीचा आवाज रेशमासारखा. एकच गाणे दोन गळ्यांतून ऐकले की आपले कान आपोआप पारख करू लागतात.

दुसरे, तोस्का मधील विस्सी दार्ते. ऑगस्ट १९५३ मध्ये ला स्कालात संचालक व्हिक्तोर दे साबाता यांनी तोस्काचे जे ध्वनिमुद्रण केले, ते आजही सर्वोत्कृष्टांत गणले जाते. एकेक जागा मनासारखी येईपर्यंत ते गायकांना पुन्हा पुन्हा गायला लावीत. तोस्का स्वतः एक गायिका आहे. तिच्या प्रियकराचा छळ चालू आहे आणि त्याच्या सुटकेसाठी पोलीस अधिकारी तिच्या अब्रूची किंमत मागतो आहे. अशा क्षणी ती देवाला जाब विचारते. आपण कोणाचे वाईट केले नाही, देवळात फुले वाहिली, मग हे फळ का?

तिसरे आमचे भाकरी करपविणारे कास्ता दिवा. बेल्लिनीचा नोर्मा हा ऑपेरा १८३१ मध्ये मिलानला प्रथम झाला. रोमनांनी जिंकलेल्या गॉल देशातली ही पुजारीण लोकांसमोर चंद्रदेवीकडे शांतीची प्रार्थना करते. पण तिने स्वतः चोरून एका रोमन अधिकाऱ्यावर प्रेम केले आहे, त्याच्यापासून तिला दोन मुले आहेत. म्हणजे प्रार्थना लोकांसाठी आणि भीती स्वतःची. मारियाने नोर्मा सुमारे नव्वद वेळा रंगविली. तिची १९५४ आणि १९६० ही दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकावीत. दुसऱ्यात आवाज झिजलेला आहे. मला मात्र तेच अधिक भिडते. मग काबाय्येचे १९७४ चे चित्रण पाहावे. फ्रान्समधल्या ओरांज येथील रोमन प्रेक्षागारात जोराचा वारा सुटला आहे, तिची वस्त्रे फडफडत आहेत आणि स्वर मात्र जागचा हलत नाही. आणि ऑपेरा परक्यांचाच असेही मानू नये. मामांच्या त्या रॉयल ऑपेरा हाउसचे दरवाजे बऱ्याच वर्षांनी २०१६ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा तेथे गाणारी सोप्रानो होती मुंबईतच जन्मलेली पॅट्रिशिया रोझारिओ.

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली होती. अंगणात आई आणि मी बसलो होतो. मी मोबाइलवर विस्सी दार्ते लावले. गोष्ट काहीच सांगितली नाही. माझी आई शाळेत गेलेली नाही. इटालियन ही भाषा आहे हेही तिला ठाऊक नाही. गाणे संपेपर्यंत ती गप्प होती. मग तिने विचारले की, ही बाई देवाला बोल लावते आहे का. मी हो म्हटले. आई म्हणाली की, तिचे बरोबरच असेल, बाईमाणूस उगीच देवाशी भांडत नाही. मग तिने ते पुन्हा लावायला सांगितले. ज्या गोष्टीसाठी मला चार महिने शब्दकोश लागला, ती आईला तीन मिनिटांत कळली.

आता थोडे माझ्याविषयी, आणि पुरे करते. प्रथम वर्षात असताना एकदा वर्गात उतारा वाचायला मी उभी राहिले. माझ्या तोंडून पाणीचे पानी झाले, बाणाचा बान झाला आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. त्या दिवसापासून मी वर्गात तोंड उघडले नव्हते. आपला आवाज चारचौघांत काढण्याजोगा नाही, असे मी मनाशी पक्के केले होते. मारियाने माझा उच्चार सुधारला असे मी म्हणणार नाही. तो अजून तसाच आहे. पण दोष असलेला आवाजही पूर्ण श्वास घेऊन, अर्थ कळून लावला तर तो ऐकावा लागतो, एवढे तिने मला दाखविले.

यंदाच्या स्नेहसंमेलनात अभिवाचन स्पर्धा आहे. मी नाव दिले आहे. हाच लेख वाचणार आहे. आईलाही बोलावले आहे. त्या दिवशी ती एका घरचा स्वयंपाक लवकर उरकून येणार आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी हसावे, माझी हरकत नाही. मात्र शेवटपर्यंत ऐकून मग हसावे.